टाकी विकत घ्यायची की भाड्याने? बेळगावात राहून तरी भाड्यानेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली बेळगावातली पोरं जरा सुट्टी मिळाली की मालवण नाहीतर गोवा गाठतात आणि येताना पाण्याखालचा व्हिडिओ घेऊन येतात, ते बरंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. खरं आता त्यातली काहीजण स्कूबा डायव्हिंगचा कोर्सबिर्स करून सर्टिफिकेट घेऊन आलीत आणि त्यांच्या डोक्यात पाठीला बांधून पाण्याखाली जायची ती हवेची टाकी स्वतःची घ्यायचं खूळ शिरलंय. आमच्या पोहणाऱ्यांच्या ग्रुपात रोज सकाळी तलावातून वर आलं की हाच विषय, टॉवेल खांद्यावर, हातात मोबाईल, हे बघ ही टाकी, हे बघ ती टाकी, किती दिवस दुसऱ्याच्या टाकीवर डाइव्ह मारायचा, एकदाच काय ते पैसे घालू आणि मोकळं होऊ. त्यात भर म्हणजे आमच्या भागातल्या एका मंडळानं वर्गणीतून उरलेल्या पैशात दोन टाक्या घेऊन ठेवायचं काढलंय, धरणावर कुणी बुडालं तर उपयोगी पडतील म्हणून. दोन्हीला माझा विरोध आहे आणि तो जरा सविस्तर लिहितो, व्हॉट्सॲपवर लिहिलं की खाली नुसते अंगठे येतात.

आधी त्या टाकीत असतं काय ते सांगतो, कारण अजून चांगली शिकलेली माणसं तिला ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. त्यात ऑक्सिजन नसतो, आपण घेतो तीच साधी हवा असते, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन, फक्त गाळून, कोरडी करून प्रचंड दाबानं भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर पाण्यातच झटके येऊन माणूस जाऊ शकतो. म्हणजे कोविडच्या वेळी ज्यांच्याकडून सिलिंडर भरून आणले त्यांच्याकडे ही टाकी घेऊन जायचं नाही, तो पर्याय संपला. राहिला पंक्चरवाला. हसू नका, आमच्यातल्या एकानं खरंच विचारलं होतं. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आठ-दहा बारपर्यंत जातो (बार हे दाबाचं माप, आपल्या आजूबाजूच्या हवेचा दाब साधारण एक बार), ही टाकी भरायची असते २०० बारला, आणि त्याच्या हवेत तेलाचा वास असतो तो वेगळाच, टायरला चालतो, फुफ्फुसाला चालत नाही.

सगळं घोडं इथंच पेंड खातंय. टाकी विकत मिळेल हो, पैसे टाकले की काय मिळत नाही, खरं भरणार कुठं? श्वासाच्या हवेचा हाय प्रेशर कंप्रेसर वेगळा असतो, त्यात हवा टप्प्याटप्प्यानं दाबली जाते, प्रत्येक टप्प्यावर थंड होते, पाणी बाजूला निघतं, मग ओलावा धरणारा आणि कोळशाचा फिल्टर, तो ठरावीक तास झाले की बदलायचा. मी उद्यमबागेत ओळखीच्या चार ठिकाणी विचारून बघितलं, हायड्रॉलिकची भली मोठी कामं करणारी माणसं आहेत तिथं, २०० बार ऐकून कुणी घाबरत नाही, खरं तेलाचा दाब वेगळा आणि श्वासाची हवा वेगळी, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे टाकी भरायला परत समुद्राकडंच जायचं, आणि समुद्राकडं जायचंच आहे तर तिथं भरलेल्या टाक्या ओळीनं उभ्या असतात की.

आम्हा बेळगावकरांना समुद्र तीन राज्यांत वाटून मिळालाय. आंबोली उतरलं की मालवण-तारकर्ली, चोर्ला उतरलं की गोवा, आणि आपल्याच राज्यात राहायचं म्हटलं तर खाली मुर्डेश्वर, तिथून बोटीनं नेत्राणी बेट. तिन्हीकडं सिस्टीम साधारण सारखीच आहे, तुम्ही डाइव्हचे पैसे देता त्यातच बोट, टाकी, खाली जायला कमरेला बांधायचं वजन, बरोबर उतरणारा वाटाड्या म्हणजे डाइव्हमास्टर, सगळं आलं. टाकीचं भाडं म्हणून वेगळा आकडा बहुतेकदा समोर येतच नाही. आता तुम्ही स्वतःची टाकी डिकीत घालून गेलात तर बोटीचं डिझेल कमी लागणार आहे काय? का डाइव्हमास्टर निम्म्या पगारावर येणार आहे? फार तर थोडी सूट देतील, तीही ओळख असली तर. त्या सुटीतून टाकीचे पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते ज्याचं त्यानं आपल्या डायरीत मांडून बघावं, आणि मांडताना टेस्टिंगचा खर्च आणि पावसाळ्याचे बंद महिने विसरू नये. आपल्या बाजूचा सीझन म्हणजे ऑक्टोबर ते मे, बाकीचे महिने टाकी माडीवर उभी.

वजनाचं पण बोलूया. सगळीकडे जी चालते ती ॲल्युमिनियमची टाकी, तिला एटी म्हणतात, ८० घनफूट हवेची म्हणून. पाणी भरलं तर ११ लिटरच मावेल, खरं २०० बारला त्यात जवळजवळ २,२०० लिटर हवा बसते. रिकामी साधारण १४ किलो, म्हणजे घरातला गॅसचा रिकामा सिलिंडर उचलून बघा, जवळपास तेवढंच, आणि भरली की हवेचेच अडीच किलोच्या वर वाढतात. एका दिवसात दोन डाइव्ह होतात, म्हणजे दोन टाक्या. त्या मागच्या सीटवर आडव्या टाकून चोर्ला घाटातली वळणं घ्यायची, ब्रेक मारला की त्या दारावर आपटणार, व्हॉल्व्हला मार बसला की झालं. भरलेली टाकी उन्हात उभ्या गाडीत राहिली तर दाब अजून चढतो, २०० चा २२० बार सहज होतो. बसमध्ये कंडक्टर घेईल का ते विचारू पण नका. विमानात न्यायची तर पूर्ण रिकामी करून व्हॉल्व्ह उघडा किंवा काढून दाखवावा लागतो, म्हणजे अंदमानला नेऊन परत भरायलाच लावायची, मग इथून ओझं नेलं कशाला?

एकजण मला म्हणाला, काका, स्वतःची टाकी असली की पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं. कसं काय? टाकी तेवढीच, माणूस तोच. हिशेब सरळ आहे. शांतपणे पोहणारा माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरा. १० मीटर खाली दाब दुप्पट, म्हणजे तोच माणूस ४० लिटर घेणार. टाकीतले ५० बार वर येताना शिल्लक पाहिजेत, ते बाजूला ठेवले की १५० बार उरले, ११ नं गुणलं की १,६५० लिटर, चाळीस मिनिटं झाली. २० मीटरला जा, साठ लिटर लागले, सत्तावीस मिनिटांत खेळ आटोपला. वेळ वाढवायचा तर श्वास सावकाश घ्यायला शिका, हातपाय कमी मारा, पोट कमी करा (हे माझ्यासकट सगळ्यांना), ते टाकी विकत घेऊन होत नाही.

आता कागदपत्रं. आपल्याकडं असले सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात आणि त्याचा कारभार बघणारं केंद्राचं खातं पेसो, त्याचं मुख्य ऑफिस नागपूरला. बाहेरून टाकी मागवायची तर आयातीचा परवाना लागतो, सिलिंडर आणि व्हॉल्व्ह मंजूर असलेल्या प्रकारातला लागतो. दुबईहून येणाऱ्या मेव्हण्याला 'येताना एक टाकी घेऊन ये' असं सांगितलं की काम झालं असं समजणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आणि टेस्ट. घरच्या गॅस सिलिंडरच्या कड्यावर कशी तपासणीची तारीख असते, तशी या टाकीच्या खांद्यावर ठोकलेली असते. दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट, आणि दरवर्षी व्हॉल्व्ह काढून आत बॅटरी टाकून बघायचं, गंज, पांढरी पूड, चीर काय आहे का. हायड्रो टेस्टमध्ये टाकीत पाणी भरतात, ती पाण्यानं भरलेल्या दुसऱ्या भांड्यात ठेवतात आणि नेहमीच्या दाबाच्या दीडपटीच्याही वर दाब चढवतात. टाकी जराशी फुगते, दाब सोडला की परत बसते, किती फुगली आणि किती परत बसली ते मोजायचं, फुगलेल्यातलं दहा टक्क्यांच्या वर फुगलेलंच राहिलं तर टाकी भंगारात. हवेनं टेस्ट न करता पाण्यानं का करतात तर पाणी दाबलं जात नाही, टाकी फुटलीच तर नुसतं पाणी सांडतं, हवेची फुटली तर भिंत जाते. ही टेस्ट मान्यता असलेल्या ठिकाणीच करायची, उद्यमबागेत कितीही चांगला पंप असला तरी तिथं ओळखीनं करून घेतलेली टेस्ट भरणारा माणूस मानणार नाही, आणि मानू पण नये.

ओएलएक्सचा विषय तर अजून भारी. आमच्या ग्रुपातल्या एकानं किनाऱ्याकडच्या कुणाचीतरी जुनी टाकी शोधली होती, स्वस्त, 'फक्त दोनदा वापरलेली'. मी त्याला म्हटलं खांद्याचा फोटो मागव. आला. पिवळ्या रंगाचे दोन-तीन थर, त्याखाली अर्धे बुजलेले आकडे, ३,००० एवढं दिसत होतं, म्हणजे पीएसआय या मापातला दाब, आपले तेच दोनशेच्या आसपास बार, पुढं टेस्टची तारीख म्हणून जे होतं ते मोबाईलवर कितीही मोठं करून बघितलं तरी पहिली टेस्ट कुठली आणि शेवटची कुठली तेच कळेना. व्हॉल्व्हजवळ हिरवट पांढरी पूड जमलेली. टाकी आतून रिकामी, व्हॉल्व्ह उघडाच, म्हणजे समुद्राकाठची दमट हवा किती वर्षं आत-बाहेर फिरत असेल देव जाणे. टाकी ठेवायची तर थोडा दाब ठेवून, व्हॉल्व्ह बंद करून, उभी ठेवायची असते. जुन्या टाक्यांचं अजून एक लफडं आहे, अमेरिकेत १९८८ च्या आधी बनलेल्या बऱ्याच ॲल्युमिनियमच्या टाक्या ६३५१ नंबरच्या मिश्रधातूच्या होत्या, त्यांच्या गळ्याशी हळूहळू चिरा पडतात असं लक्षात आलं, काही भरताना फुटल्या पण, म्हणून मोठ्या कंपनीनं तो धातू सोडून ६०६१ घेतला. आज बरीच डाइव्ह सेंटर तसली टाकी भरायलाच नकार देतात. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि कुणी भरून देईना, मग काय त्यात मनी प्लांट लावणार?

टाकी कुणी घ्यावी मग? समुद्राकाठी राहणाऱ्यानं, ज्याच्या घरापासून कंप्रेसर दहा मिनिटांवर आहे आणि जो आठवड्याला पाण्यात उतरतो त्यानं. शिकवण्याचा धंदा आहे त्यानं. किंवा ज्याला स्टीलची, मोठी किंवा जोडटाकी असं काही वेगळं लागतं आणि ते सेंटरवर मिळत नाही त्यानं. स्टीलची एक गोष्ट चांगली असते, ती हवा संपत आली तरी पाण्यात जड राहते. ॲल्युमिनियमची एटी शेवटी शेवटी दोन किलोनं तरंगायला लागते, वर ओढते, म्हणून कमरेचं वजन धरताना ते आधीच धरावं लागतं. खरं भाड्याची टाकी सगळीकडं तीच असल्यामुळं एकदा तुमचं वजन ठरलं की मालवणला काय आणि मुर्डेश्वरला काय, फार बदलावं लागत नाही, हा पण भाड्याचाच फायदा.

पैसे खर्च करायचेच असतील तर मास्कवर करा. भाड्याचा मास्क शंभर तोंडांना लागलेला असतो आणि तुमच्याच तोंडाला नेमका बसत नाही. दुकानात पट्टा न लावता तोंडाला लावा, नाकानं हवा आत ओढा, हात सोडा, पडला नाही तर तुमचा. मिशीवाल्यांनी नाकाखालची मिशी थोडी बारीक करावी, आपल्याकडं हे सांगितलं की राग येतो, खरं पाणी तिथूनच येतं. चष्मा असेल तर नंबरची काच बसवून मिळते. नव्या काचेवर आतून एक तेलकट थर असतो, तो टूथपेस्टनं घासून काढला नाही तर पहिल्याच डाइव्हला सगळं धुकं. मास्कनंतर कॉम्प्युटर, मनगटावरचा. तुमच्या अंगात किती नायट्रोजन साठलाय त्याचा हिशेब तो ठेवतो, आणि सकाळच्या डाइव्हचा हिशेब संध्याकाळी पण लागतो, म्हणून भाड्याचा घेऊन दुपारी दुसऱ्याच्या हातात गेला की तो हिशेब गेला. रेग्युलेटर त्याच्या पुढची गोष्ट, टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडाशी आणून देतो तो, तोंडात धरायची वस्तू आहे, स्वतःची असलेली बरी, खरं तिची वर्षाची सर्व्हिस असते, ती करून घेणार असाल तरच घ्या. हे तिन्ही एका बॅगेत मावतात, चोर्ला घाटात आपटत नाहीत, आणि पावसाळ्यात कपाटात गप्प पडून राहतात.

भाड्यानं घ्यायची म्हणजे डोळे झाकून घ्यायची असं मात्र नाही, इथं आपली माणसं फार भिडस्त. टेस्टची तारीख बघा, दिसत नसेल तर दुसरी टाकी मागा. व्हॉल्व्ह किंचित उघडून हवेचा वास घ्या, तेलाचा, रबराचा, जळकट कसलाही वास आला की परत. दाबाचा काटा २०० च्या आसपास आहे का बघा, आणि काट्याकडं बघत बघत रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घ्या, काटा प्रत्येक श्वासाला खाली-वर नाचत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. व्हॉल्व्हच्या तोंडाशी रबराची छोटी रिंग असते, फाटलेली असली की सुं सुं आवाज येतो, ती बदलायला दोन मिनिटं लागतात, 'काही होत नाही सर' असं कुणी म्हणालं तरी बदलून घ्या. आणि एकदा तरी मागं जाऊन कंप्रेसर कुठं ठेवलाय ते बघून या. तो डिझेलवर चालत असेल किंवा शेजारी जनरेटर असेल तर हवा ओढणारा पाइप धुराच्या वाऱ्याला नाही ना हे बघायचं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, वरच्यापेक्षा खाली दाबात तो जास्त चढतो, आणि फिल्टर जुना असला तर अडत नाही. एका ठिकाणी मी हे विचारलं तर तिथला माणूस चिडला. दुसऱ्या ठिकाणी विचारलं तर त्यानं फिल्टर बदलल्याची वहीच काढून दाखवली, तेव्हापासून आम्ही तिथंच जातो, आणि जाताना कुंदा नेतो.

आता मंडळाचं. भावना चांगली आहे, हिडकल असू दे, खानापूरकडं मलप्रभा असू दे, दरवर्षी बातम्या आपण वाचतोच आणि जीव कळवळतो. खरं बुडणाऱ्या माणसाकडं चार-पाच मिनिटं असतात. तुमची टाकी मंडळाच्या खोलीत, खोलीची किल्ली खजिनदाराकडं, खजिनदार ऑफिसात. आणि समजा टाकी काठावरच आहे, तरी ती जाकिटाला बांधून, रेग्युलेटर लावून, तपासून, पाठीवर चढवून पाण्यात उतरेपर्यंत तेवढा वेळ जातोच. म्हणजे टाकीनं तिथं जिवंत माणूस निघणं कठीण, निघालं तर प्रेतच निघणार, आणि ते काम मालवणला दोनदा मासे बघून आलेल्या पोराचं नाही. धरणातल्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, खाली गाळ, बुडालेली झाडं, तुटलेली जाळी, दरवाजाकडं ओढ. त्याला वरून दोरी धरणारा माणूस लागतो, तयार उभा असलेला दुसरा डायव्हर लागतो, वेगळं ट्रेनिंग लागतं, म्हणून ते अग्निशमन आणि राज्याच्या आपत्ती पथकाकडं (एसडीआरएफ) असू दे. मंडळाच्या खोलीत टाकी असली की कुणीतरी उत्साही पोरगा ती पाठीला लावून उतरणार, आणि मग एकाच्या जागी दोघांना शोधायला लागेल.

त्याच पैशात तरंगणारी दोरी येते, वीस-पंचवीस मीटरची, एका टोकाला रिंग बांधलेली. लाइफ जॅकेट येतात, तलावावर येणाऱ्या पोरांना काठावरून दोरी नेमकी कशी फेकायची ते आमच्या ग्रुपातले लोक रविवारी फुकट शिकवायला तयार आहेत, मी विचारलंय. विसर्जनाच्या आधी मंडळानं एवढं केलं तर दोरी कुठल्या घाटावर कायमची टांगून ठेवायची, ती चोरीला जाऊ नये म्हणून काय करायचं (हा खरा प्रश्न आहे, हसण्यावारी नेऊ नका) आणि दरवर्षी ती तपासायची कुणी, एवढंच ठरवायचं राहील. अध्यक्षांना मी तोंडी सांगितलंय, त्यांनी मीटिंगमध्ये ठेवतो म्हणून सांगितलंय, टाक्यांचा ॲडव्हान्स देण्याआधी ती मीटिंग व्हावी म्हणून हे पत्र छापावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव